मेंदूवरील किरणोपचार आणि चंडीगडचे यंत्र

1947 साली देशाची फाळणी झाली आणि लाहोर पलीकडे गेले. शहराबरोबर त्याचे विद्यापीठ गेले, उच्च न्यायालय गेले, आणि 1860 साली निघालेले व पुढे किंग एडवर्डच्या नावाने प्रसिद्धीस आलेले जुने वैद्यकीय महाविद्यालयही गेले. उरलेल्या पंजाबला आपली राजधानी नव्याने वसवावी लागली. शिवालिकच्या पायथ्याशी ल कॉर्बुझिएच्या आराखड्यावरून उभ्या राहिलेल्या चंडीगडची रचना, तेथील काटकोनात छेदणारे रस्ते आणि काँक्रीटच्या भव्य इमारती ह्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. त्याच नगरीच्या बाराव्या सेक्टरात 1962 साली एक पदव्युत्तर वैद्यकीय संस्था निघाली. 1 एप्रिल 1967 पासून संसदेच्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. तिचे लांबलचक नाव कोणी घेत नाही. पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू ह्या सर्व प्रांतांतील खेडुतांच्या तोंडी ती नुसती ‘पीजीआय’ आहे. घरच्या वैद्याने हात टेकले की रोग्याला बसमध्ये बसवून आणावयाचे ते येथे.

ह्या रुग्णालयाच्या किरणोपचार विभागाशी ज्याचा एक धागा जोडलेला आहे, असा एक इतिहास आज मला सांगावयाचा आहे. कर्करोग मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणात उतरला म्हणजे किरणांनी काय साधते, किती साधते आणि कोणत्या मोलाने साधते, हा त्याचा विषय. धाग्याचे दुसरे टोक आपल्या मुंबईत आहे.

प्रथम रोगाविषयी. कर्करोग फुप्फुसात, स्तनात किंवा आणखी कोठे मूळ धरतो. तेथून सुटलेली एखादी पेशी रक्ताबरोबर वाहत मेंदूत येते व तेथे गाठ होऊन बसते. अशी गाठ एक असेल, चार असतील, वीसही असतील. हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार विरळ, पण अधिक कपटी. मेंदू व मज्जारज्जू ह्यांना तीन आवरणांचे वेष्टन आहे. त्यांतील आतली दोन आवरणे कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असून त्यांच्यामधून पाण्यासारखा निर्मळ द्रव डोक्यापासून पार माकडहाडाजवळपर्यंत खेळत असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात हा द्रव एका वेळी अवघा 150 मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पेलाभरही नसतो. परंतु दिवसाकाठी सुमारे 500 मिलिलिटर नवा तयार होतो आणि तितकाच रक्तात परत शोषला जातो. अशा ह्या अखंड वाहत्या पाण्यात रोगाची पेशी पडली की ती कोठेही जाऊन रुजू शकते. एकाच रोग्याला डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, तोंड वाकडे होते, पायांतील बळ जाते, लघवी अडते. आणि ह्या सर्व तक्रारींचा परस्परांशी काय संबंध, हे पाहणाऱ्याला उमगत नाही. 1870 साली एबेर्ट नावाच्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने मृत देहाची चिकित्सा करून ह्या विकाराचे पहिले वर्णन केले. रोगी जिवंत असताना निदान व्हावे, ह्याला त्यानंतर पुष्कळ काळ लोटला. उपचार न झाल्यास असा रोगी बहुधा चार ते सहा आठवडेच जगतो.

रंटगेनला क्ष-किरण सापडले 1895 च्या नोव्हेंबरात. रेडियम हाती आले 1898 साली. त्वचेवरच्या व्रणांवर ह्या किरणांचा प्रयोग लागलीच सुरू झाला. मेंदूची गोष्ट वेगळी होती. कवटीच्या आत रोग नेमका कोठे आहे हे दिसत नव्हते, आणि त्या काळच्या अशक्त किरणांची बरीचशी शक्ती कातडी व हाड ह्यांतच खर्ची पडत असे. शिवाय ज्याचा कर्करोग मेंदूत पोहोचला त्याचे सारे संपलेच, अशी वैद्यांची मनोमन समजूत होती. ह्या समजुतीला पहिला जोरदार धक्का 1954 साली न्यूयॉर्कमध्ये बसला. चाओ, फिलिप्स आणि निक्सन ह्या तिघांनी मेंदूत रोग पसरलेल्या 38 रोग्यांच्या संपूर्ण मेंदूवर क्ष-किरण दिले, आणि त्यांतील 24 जणांना आराम पडल्याचे नमूद केले. डोकेदुखी उतरली, झटके थांबले, कोणाचा लुळा पडलेला हात पुन्हा हलू लागला. रोग हटला नव्हता. त्याने काही काळ माघार घेतली होती. परंतु आपल्या माणसाची वाचा परत आलेली ज्या घराने पाहिली, त्या घराला ह्या दोहोंतील भेद सांगू जाणे निष्ठुरपणाचे ठरले असते.

संपूर्ण मेंदूवरच किरण का द्यावयाचे? उत्तर साधे होते. गाठी किती व कोठे हे कळण्याचे साधनच नव्हते, तेव्हा सगळीकडे देणे हाच शहाणपणा. ह्याच तर्काचा पुढचा टप्पा मँचेस्टरच्या एडिथ पॅटरसन ह्यांनी 1953 साली जगापुढे मांडला होता. लहान मुलांच्या लहान मेंदूत होणारा एक कर्करोग त्या द्रवातून खाली कण्यापर्यंत झिरपतो. म्हणून मेंदू आणि कणा ह्या दोहोंना मिळून एकच क्षेत्र मानून त्या सर्वावर किरण द्यावेत, असा त्यांचा आग्रह होता; आणि ज्या मुलांची आशा सोडलेली असे त्यांतील काही मुले त्यामुळे खरोखरच वाचली. माथ्यापासून माकडहाडापर्यंतच्या ह्या उपचाराचे स्मरण ठेवावे. पुढे पुन्हा त्याच्याकडे यावयाचे आहे.

ह्यानंतरची गोष्ट बरीचशी यंत्रांची आहे. 1951 साली कॅनडात कोबाल्ट-60 ह्या किरणोत्सर्गी धातूचा उपयोग करणारी यंत्रे तयार झाली. त्यांचे किरण कातडी फारशी न भाजता खोलवर जात. भारतात असे पहिले यंत्र 1957 साली मद्रासच्या अड्यार येथील कर्करोग संस्थेत बसले, आणि नंतरच्या दशकांत देशभर कोबाल्टचेच राज्य चालले. गरीब देशाला ते मानवले, कारण त्यात बिघडण्यासारखे फार काही नसते: शिशाच्या जाड कवचात धातूचा एक तुकडा, आणि उघडझाप करणारी एक खिडकी. अडचण एवढीच, की ह्या धातूचे तेज पाच वर्षे आणि तीन महिन्यांत निम्मे होते. जसजसे ते उतरते तसतसा रोग्याला यंत्राखाली अधिक वेळ पडून राहावे लागते, आणि बाहेरची रांग लांबते.

दुसरे यंत्र रेषीय त्वरकाचे, म्हणजे ज्याला आज सगळे ‘लिनॅक’ म्हणतात ते. त्याचा जन्म युद्धात झाला. शत्रूची विमाने हुडकणाऱ्या रडारसाठी ज्या सूक्ष्मतरंगांच्या नळ्या बनल्या, त्यांचेच तरंग तांब्याच्या पोकळ्यांच्या माळेत सोडले, तर त्या लाटेवर आरूढ होऊन विद्युत्कण प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात. जड धातूच्या पत्र्यावर ते आदळले की प्रखर क्ष-किरण निघतात. कळ बंद केली की किरण बंद. तेथे किरणोत्सर्गी धातूचा तुकडा नाही व त्याचे तेज उतरण्याची चिंताही नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 1953 साली आणि स्टॅनफर्ड येथे 1956 साली अशा यंत्रांनी उपचार सुरू झाले. पण तांब्याची ती नळी बनविणे मोठे नाजूक काम. पोकळ्यांच्या मापात केसाएवढा फरक पडला तरी लाट बिघडते. हे काम साधलेले कारखाने जगात थोडे, आणि त्यांनी मागितलेली किंमत परकीय चलनात मोजावयाची.

येथे मुंबई आणि चंडीगड एकत्र येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1977 साली सूक्ष्मतरंगांवर काम करणारा एक विशेष गट स्थापन झाला होता. 1984 साली त्यातूनच ‘समीर’ नावाची स्वतंत्र संस्था निघाली. नाव वाऱ्याचे असले तरी तो एका लांब इंग्रजी नावाचा संक्षेप आहे. चंडीगडला केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना होती; ती 1959 साली दिल्लीत स्थापन होऊन 1962 साली, म्हणजे पीजीआय निघाली त्याच वर्षी, चंडीगडला हलली होती. ह्या दोघी आणि तिसरी पीजीआय अशा तीन सरकारी संस्थांनी मिळून देशी लिनॅक बांधण्याचे मनावर घेतले. त्वरकाची नळी मुंबईची; तिला पेलून रोग्याभोवती फिरविणारा सांगाडा व बाकीची यांत्रिक जुळणी चंडीगडच्या उपकरणशास्त्रज्ञांची; आणि यंत्र रोग्यास योग्य आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार पीजीआयच्या वैद्यांचा. चाळीस लक्ष व्होल्टांचे हे यंत्र 1990 च्या सुमारास पीजीआयमध्ये चालू झाले. भारतात बनलेला, माणसांवरील उपचारासाठीचा तो पहिला लिनॅक. चाळीस लक्ष व्होल्ट ही परदेशी यंत्रांच्या मानाने मोठी शक्ती नव्हे, हे खरे. तथापि डोके व मान ह्यांसारख्या भागांना, जेथे किरणांना फार खोल शिरावयाचे नसते, तेवढी पुरते; आणि कोबाल्टच्या किरणझोताची कड जशी पसरट असते तशी ह्याची नसते. पुढे ह्याच कामातून साठ लक्ष व्होल्टांची यंत्रे तयार झाली, आणि त्यांतील एक आपल्या विदर्भात सेवाग्रामच्या रुग्णालयात बसले. इतके होऊनही आज देशातील बहुतेक लिनॅक परदेशांतूनच येतात. आपण एक वस्तू करून दाखवितो आणि मग तिचा कारखाना काढण्याचे विसरतो, ही आपली जुनी खोड आहे; ह्या बाबतीतही ती सुटली नाही.

चंडीगडला यंत्र बांधले जात होते त्या सुमारास जगात उपचाराची दृष्टीच पालटू लागली होती. 1971 च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्डच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला छेदचित्रपट घेतला गेला, आणि त्यानंतर चुंबकीय चित्रे आली. गाठी मोजता येऊ लागल्या. ज्याला गाठ दिसते तो साहजिकच विचारणार, की एका गाठीसाठी सबंध मेंदू कशाला भाजावयाचा? स्वीडनच्या लार्स लेक्सेल ह्यांनी ह्याचे उत्तर आधीच तयार ठेवले होते. डोके चौकटीत पक्के बसवून अनेक दिशांनी आलेले बारीक किरण एकाच बिंदूवर मिळवावेत, ही कल्पना त्यांनी 1951 साली मांडली होती, आणि 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस कोबाल्टच्या शेकडाभराहून अधिक तुकड्यांचे आपले ‘गामा नाइफ’ स्टॉकहोममध्ये उभे केले होते. प्रत्येक किरण एकटा असताना निरुपद्रवी, आणि जेथे सगळे भेटतात तेथे सुरीसारखा. अशी सोय पुढे पीजीआयमध्येही आली.

अमेरिकेत केंटकी येथे पॅचेल ह्यांनी मेंदूत एकच गाठ असलेल्या 48 रोग्यांची तुलना केली. 1990 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: ज्यांना केवळ किरण दिले ते सरासरीने 15 आठवडे जगले, आणि ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढून मग किरण दिले ते 40 आठवडे. मेंदूत पोहोचलेल्या सर्वच रोग्यांना एका मापाने मोजणे चूक आहे, हे ह्यावरून ठरले. त्यानंतर 2009 साली ह्यूस्टनहून आलेली वार्ता अधिक अस्वस्थ करणारी होती. एक ते तीन गाठी असलेल्या 58 रोग्यांपैकी काहींना फक्त बिंदूवरचा उपचार दिला आणि काहींना त्याबरोबर संपूर्ण मेंदूवरही किरण दिले. चार महिन्यांनी पाहता दुसऱ्या गटात स्मरण व ग्रहणशक्ती खालावण्याचे प्रमाण 52 टक्के आढळले, पहिल्यात 24. प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

म्हणजे ज्या किरणांनी वाचा परत आणली, तेच नातवाचे नाव विसरावयास लावीत होते. मेंदूत खोल हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळणदार भाग आहे. त्याला समुद्रघोड्याचे ग्रीक नाव मिळाले आहे ते त्याच्या आकारावरून. नव्या आठवणी साठविण्याचे काम तो करतो, आणि सुदैवाने रोगाच्या गाठी तेथे क्वचितच होतात. तेव्हा बाकीच्या मेंदूवर किरण द्यावेत व ह्या भागावर सावली धरावी, असा मार्ग निघाला. 518 रोग्यांवरील प्रयोगात, स्मृतिभ्रंशावरील मेमँटिन ह्या औषधाची जोड दिली असता, ह्या सावलीने बुद्धी अधिक काळ शाबूत राहते असे 2020 साली दिसून आले. आयुष्य मात्र लांबले नाही.

आता दिवसांचा हिशेब पाहू. आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. शरीरात मुरलेले किरण ‘ग्रे’ ह्या मापाने मोजतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरोल्ड ग्रे ह्यांच्या स्मरणार्थ ते नाव 1975 साली दिले गेले. संपूर्ण मेंदूवर सामान्यतः 30 ग्रे, दहा दिवसांत विभागून, देण्याची वहिवाट आहे. 1971 नंतर अमेरिकेत झालेल्या दोन मोठ्या प्रयोगांत आठवड्यात 20 ग्रेपासून चार आठवड्यांत 40 ग्रेपर्यंत अनेक रीती ताडून पाहिल्या, तेव्हा आयुर्मानात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष चंडीगडसारख्या ठिकाणी किती महत्त्वाचा आहे, हे तेथील धर्मशाळांत जाऊन पाहावे. चंबा किंवा किन्नौरहून आलेला रोगी रोज घरी परतू शकत नाही. त्याच्याबरोबर एक मुलगा, बहुधा एक सून, कधी म्हातारी बायको. शेती दुसऱ्याच्या हाती सोपविलेली. ज्याचे आयुष्य तीन महिन्यांचे उरले आहे, त्याचे दहा दिवस, सुट्ट्या धरता दोन आठवडे, यंत्रासमोरच्या बाकावर जावेत की पाचांत उरकून त्याने घर गाठावे? पाच दिवसांची रीत केवळ गर्दीमुळे निघालेली तडजोड आहे असे मानण्याचे कारण नाही; तिच्या पाठीशी पुरावा आहे.

ह्याहून पुढे जाऊन, किरण द्यावेतच का, असा प्रश्न ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील वैद्यांनी विचारला. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेले आणि शस्त्रक्रिया अथवा बिंदूवरील उपचार ह्यांस योग्य नसलेले 538 रोगी त्यांनी निवडले. अर्ध्यांना पाच दिवसांत 20 ग्रे. उरलेल्यांना किरण नाहीत. डेक्सामेथासोन हे मेंदूची सूज उतरविणारे, 1961 पासून ह्या कामी वापरात असलेले स्वस्त औषध आणि काळजीपूर्वक शुश्रूषा दोघांनाही. 2016 साली आकडे आले. किरण घेतलेले मध्यमानाने 9.2 आठवडे जगले, न घेतलेले 8.5. जगण्याच्या सुखातही भेद नव्हता. हा निकाल प्रत्येक रोग्याला लावू नये. तरुण, इतरत्र रोग आटोक्यात असलेल्या माणसाची गोष्ट निराळी, आणि आता काही कर्करोगांवर मेंदूत पोहोचणारी औषधेही निघाली आहेत. पण ‘यंत्र आहे म्हणून किरण’ हा न्याय त्यानंतर टिकावयास नको होता. औषधाची पुडी देऊन रोग्याला घरी पाठविणाऱ्या वैद्याने हात झटकले, असे आपण फार लवकर म्हणतो.

आवरणात उतरलेल्या रोगाचा प्रश्न मात्र ह्या सर्वांहून अवघड राहिला. वाहत्या पाण्यावर नेम कसा धरावा? औषध थेट द्रवात सोडावे, ही एक वाट. त्यासाठी टाळूच्या कातडीखाली बसविण्याची छोटी रबरी कुपी 1963 साली अयूब ओमाया ह्या शल्यवैद्यांनी काढली. हे ओमाया अविभक्त पंजाबात मियाँ चन्नू येथे 1930 साली जन्मले, आणि आरंभी ज्याचा उल्लेख केला त्या लाहोरच्याच महाविद्यालयात शिकले. त्यांची कुपी आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

दुसरी वाट किरणांची. दुखऱ्या जागेवर, मग ती कवटीचा तळ असो की कमरेतील मज्जातंतूंचा झुबका, थोडे किरण द्यावयाचे; त्याने वेदना शमतात, पण द्रवातील पेशी पुढे चालूच राहतात. सबंध मार्गावर द्यावयाचे तर एडिथ पॅटरसन ह्यांच्या रीतीकडे वळावे लागते, आणि प्रौढ, थकलेल्या रोग्याला ती रीत सोसवत नाही. किरण पाठीतून शिरतात, कणा ओलांडून हृदय, अन्ननलिका व आतडी ह्यांतून पार होतात. प्रौढांचे रक्त मोठ्या प्रमाणात कण्याच्या मणक्यांत तयार होते. ते कारखाने मंदावतात. पुन्हा डोक्याचे क्षेत्र आणि पाठीचे क्षेत्र जेथे मिळतात तेथली कसोटी वेगळीच. एकावर एक चढले तर मज्जारज्जू भाजतो. मध्ये फट राहिली तर रोगाला दार मिळते. म्हणून तो सांधा उपचाराच्या दिवसांत मधूनमधून सरकवीत न्यावा लागतो.

ह्या कोंडीतून वाट काढली प्रोटॉनने. प्रोटॉनकणांचा गुण असा, की ते शरीरात ठरावीक खोलीपर्यंत जातात, तेथे आपली बहुतेक शक्ती टाकतात आणि थांबतात. पलीकडे काही जात नाही. अशा कणांचा वैद्यकात उपयोग करावा, हे रॉबर्ट विल्सन ह्या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने 1946 साली सुचविले, आणि 1954 साली बर्कले येथे पहिल्या रोग्यांवर ते झाले. आवरणाच्या रोगापर्यंत ही कल्पना पोहोचावयास आणखी सहा-सात दशके गेली. न्यूयॉर्कमध्ये स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाने आवरण व्यापलेल्या 63 रोग्यांवर प्रयोग झाला. 42 जणांना मेंदू व कण्यावर प्रोटॉन, 21 जणांना जुन्या रीतीने दुखऱ्या जागेवर किरण. 2022 साली निष्कर्ष छापून आला: प्रोटॉनच्या गटात मेंदू व आवरणातील रोग मध्यमानाने 7.5 महिने थोपला, दुसऱ्या गटात 2.3, आणि आयुष्य 9.9 महिने विरुद्ध 6. प्रयोग लहान आहे, एवढे लक्षात ठेवून बोलले पाहिजे. तरी ज्या रोगात आठवडे मोजीत असत, तेथे महिन्यांची भाषा प्रथमच आली.

प्रोटॉनचे यंत्र एका मोठ्या इमारतीएवढे असते व त्याचा खर्च शेकडो कोटींचा. भारतात ते प्रथम 2019 साली चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात सुरू झाले. आणि 2023 साली नवी मुंबईतील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या आवारात, त्याने रोग्यांवर उपचार होऊ लागले. त्याच टाटा स्मारक केंद्राने 2022 च्या ऑगस्टात चंडीगडला लागून असलेल्या मुल्लापूर येथे होमी भाभांच्या नावाचे 300 खाटांचे कर्करोग रुग्णालय उघडले आहे; पीजीआयच्या रांगेतील काही भार आता तेथे वळतो. मुल्लापूरहून खारघरचे अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक भरेल. पस्तीसएक वर्षांपूर्वी मुंबईत घडलेली तांब्याची नळी ज्या वाटेने चंडीगडला गेली, त्याच वाटेने आता उलट दिशेला, निवडक रोग्याला पाठवावे की न पाठवावे, हे तेथील वैद्याला ठरवावे लागते. आणि ठरविताना तो चुंबकीय चित्र पाहतो तसाच रोग्याचे गावही विचारतो.